दोन कुलपांचा तलाव

हा चार दिवसांचा प्रवास माझ्या वाट्याला आला तो एका वाक्यामुळे. ते वाक्य मूळ माझ्या यजमानांचं. पाथर्डी तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी असलेली खडकवाडी हे त्यांचं गाव. तिथल्याच शाळेत त्यांनी जन्मभर शिकवलं. सगळे त्यांना गुरुजी म्हणत, आणि लग्नानंतर महिन्याभरात मीही तेच म्हणू लागले. गावच्या तलावाविषयी त्यांनी एक छोटा लेख लिहिला होता. मी पाथर्डीला महाविद्यालयात ग्रंथपाल होते, इंग्रजी बरं होतं, म्हणून त्याचं भाषांतर मी करून दिलं. त्यात ते वाक्य होतं : ‘दोन्ही गावांच्या किल्ल्या एकत्र आल्याशिवाय हे दार उघडत नाही.’

तलावाच्या वरच्या अंगाला खडकवाडी आणि खालच्या अंगाला, शेवगाव तालुक्याच्या हद्दीत, बोरखेडे. बांधातलं पाणी सोडायचं दार बंद राहिलं, तर तलावात पाणी टिकतं आणि वरच्यांच्या मोटारी चालतात. दार उघडलं, तर खालच्यांच्या शेतांना पाणी नेणारी चारी वाहते. आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षी यावरून बांधावर डोकी फुटली होती. त्यानंतर गुरुजींनी आणि बोरखेड्याच्या आप्पांनी मिळून दाराच्या चाकावर एक लोखंडी पेटी बसवून घेतली. पेटीला दोन कड्या, दोन कुलपं. एका कुलपाची किल्ली खडकवाडीत गुरुजींकडे, दुसऱ्याची बोरखेड्यात आप्पांकडे. त्या दिवसापासून तलावावर कुणी दगड उचललेला नाही.

तो लेख फिरत फिरत कुठल्या कुठे पोचला. किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान या शेजारी देशांतली दोन माणसं तो वाचून आली. त्यांच्या गावांमध्ये एकच कालवा आहे, आणि पाण्यावरून सुरू झालेली दगडफेक तिथे बंदुकांपर्यंत गेली होती. आता सरकारांनी सीमा आखून घेतली आहे, पण गावांना एकमेकांची भीती वाटायची थांबलेली नाही. त्यांना दोन कुलपांचा तलाव बघायचा होता. नगरच्या ज्या संस्थेनं त्यांना बोलावलं होतं, तिनं मला दुभाषी म्हणून विचारलं.

मी हो म्हटलं, पण मन थाऱ्यावर नव्हतं. गुरुजी गेल्या चैत्रात गेले. खडकवाडीची किल्ली मी तेराव्यानंतर त्यांच्या चुलत भावाच्या, भानुदास भाऊजींच्या हाती दिली होती. दिवाळीत गुरुजींचं सामान आवरताना त्यांच्या जुन्या कंपासपेटीत मला आणखी एक किल्ली सापडली. तिला निळ्या रेघांच्या कापडाची चिंधी बांधलेली होती आणि चिंधीवर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘बोरखेडे’.

ही किल्ली त्यांच्याकडे असायलाच नको होती. ती होती, याचा अर्थ त्यांना वाटेल तेव्हा एकट्यानं दार उघडता आणि लावता येत होतं. म्हणजे ते वाक्य खोटं होतं, आणि मी ते इंग्रजीत करून जगाला दिलं होतं. किल्ली पर्समध्ये घालून मी जीपमध्ये बसले. तिचं काय करायचं, ते मला ठाऊक नव्हतं.

राजूर

पाहुण्यांना आधी जिल्ह्याचं पावसाचं टोक दाखवायचं आणि मग कोरडं, असं ठरलं होतं. म्हणून आम्ही पहिल्यांदा अकोले तालुक्यात राजूरला गेलो. पौषातली थंडी होती. बाजारात सकाळी दहा वाजताही माणसं उन्हाचा तुकडा शोधून उभी राहत होती.

किर्गिझस्तानची आयनुरा चाळिशीची, शाळेत भूगोल शिकवणारी, उंच आणि फार बोलकी. ताजिकिस्तानचा फिरूझ तिच्याहून वयानं मोठा, भरघोस मिशांचा. तो गावचा मीराब होता, म्हणजे कालव्याचं पाणी वाटणारा. आपल्याकडचा पाटकरीच म्हणा ना. दोघं माझ्याशी इंग्रजीत बोलत, एकमेकांशी रशियनमध्ये, पण कामापुरतंच. जीपमध्ये एक पुढे बसला की दुसरा मागच्या टोकाला. मध्ये मी आणि बॅगा.

पहिलं हसू आलं ते शब्दांमुळे. मी ‘जमीन’ म्हणाले, ‘दरवाजा’ म्हणाले, की फिरूझ मान डोलवायचा. त्याची ताजिक भाषा फारसीचीच बहीण. ‘कुलूप’ म्हटल्यावर तो एकदम म्हणाला, ‘कुल्फ!’ आणि मागून आयनुरा म्हणाली, ‘कुल्पू!’  तिघांच्या गावात भाकरीला वेगवेगळे शब्द, आणि कुलपाला मात्र एकच. मला ते काही फार बरं वाटलं नाही.

बाजारात एक आजी तांदूळ घेऊन बसल्या होत्या. आयनुरानं पोत्यात हात घातला, दाणे हुंगले, आणि पावसाचं विचारलं. मी भाषांतर केलं.

“पाऊस हाय की,” आजी म्हणाल्या. “पर त्याला येळकाळ न्हाई ऱ्हायला. पायजे तवा दडी मारतो आन भात कापायला झालं की येतो. औंदा उभं भात पान्यात झोपलं.”

“मग तुमच्याकडचं पाणी तुम्ही खालच्या कोरड्या गावांना देता का?” फिरूझनं विचारलं.

आजी हसल्या. “आमी कुठलं देतोय? ते आमच्या दारावरनं आपलं आपन जातं. उन्हाळ्यात या बाबा, तवा आमीच हंडा घिऊन टँकरची वाट बघत असतो. खालच्यांला वाटतं वरचे बुडाल्यात पान्यात.”

हे मी सांगितलं तसा फिरूझ प्रथमच आयनुराकडे वळून काहीतरी लांबलचक बोलला. त्याचं गाव कालव्यावर खाली, तिचं वर. आयनुरानं मला समजावून सांगितलं, “तो म्हणतो, आम्हाला पण वाटायचं वरचे बुडालेत पाण्यात.”

मग ती तिच्या डोंगरांविषयी बोलत राहिली. तिकडे सगळं पाणी बर्फाचं. पूर्वी बर्फ हळूहळू वितळायचं आणि उन्हाळाभर पुरायचं. आता ते वसंतातच एकदम येतं, पूर आणतं, आणि पिकाला हवं तेव्हा कालव्याच्या तळाचे दगड दिसतात. “आमच्या आजोबांनी महिने वाटून घेतले होते,” ती म्हणाली. “हा महिना तुमचा, हा आमचा. करार तसाच आहे. पण पाणी आता त्या महिन्यांत येतच नाही. मग ज्याच्या महिन्यात पाणी नाही, त्याला वाटतं की शेजाऱ्यानं चोरलं.”

हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं.

दुपारी नागलीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा मिळाला. फिरूझनं ठेचा चमच्यानं खाल्ला, पालेभाजी समजून. आम्ही सगळे घाबरलो. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण तो मिशा पुसत म्हणाला, “बरा आहे.” आणि पुन्हा घेतला. राजूरला येऊन पेढे न घेता जायचं नाही, म्हणून मी दोन पुडे घेतले. जीपमध्ये चढताना आयनुरा नेमकी त्यांच्यावर बसली. तिला इतकं वाईट वाटलं की तो चपटा पुडा ती पुढे दोन दिवस मांडीवर घेऊन बसली होती.

खडकवाडी

दुसरा दिवस सगळा जिल्हा ओलांडण्यात गेला. खिडकीतून दिसत होतं ते एवढंच की आधी डोंगर संपले, मग ऊस सुरू झाला, मग ऊसही संपला. तिसऱ्या दिवशी सकाळी पाथर्डीहून खडकवाडीला पोचलो.

गावात दहापैकी सहा घरांना कुलपं. आयनुरा घाबरून विचारू लागली, “इथे काय झालं? माणसं पळून गेली?” मी सांगितलं, ऊसतोडीला गेलीत, दिवाळीनंतर जातात, पाडव्याच्या आसपास येतात. दरवर्षी.  फिरूझ म्हणाला, त्याच्या गावातली तरुण माणसंही परदेशी बांधकामांवर असतात. त्यांच्या आया अंगणात बसून फोनवर त्यांची तोंडं बघतात.

भानुदास भाऊजी वेशीवर वाट बघत होते. सत्तरीचा माणूस, पण बोलण्यात अजून धार.

“या वहिनी. वाळलाव लई. हे आपले रशियावाले का?”

“रशियाचे नाहीत भाऊजी, शेजारचे.”

“शेजारचे म्हंजी भांडतच असतील,” ते म्हणाले. मी याचं भाषांतर केलं नाही, पण पाहुण्यांना सूर कळला असावा. दोघंही हसले.

शेतात आगटी पेटवून हुरडा भाजला. गरम कणसं हातावर चोळून दाणे पाहुण्यांच्या ओंजळीत टाकताना भाऊजींनी तलावाची हकीकत सांगितली. ती ऐकून माझ्या हातातला हुरडा तसाच राहिला.

गेल्या पावसाळ्यात पाऊस मेमध्येच येऊन गेला होता. मग उन्हाळा परत आल्यासारखे दोन महिने गेले. आणि मग भाद्रपदात एका दुपारी इतका कोसळला की डोंगरावरची काटेरी झुडपं मुळांसकट तलावात आली. खडकवाडीचा रस्ता ओढ्यानं तोडला. दोन दिवस गावातलं कुणी तलावाकडे जाऊ शकलं नाही. पाणी ओसरल्यावर जाऊन बघतात, तर चाक वाकलेलं, आणि दार उघडं.

“कुलपं फोडलेली होती?” मी विचारलं.

“न्हाई ना! तेच तर. दोनी कुलपं काढून बाजूला ठिवल्याली. जशी आपन कपाटाची काढतो तशी. आता वहिनी, आपली किल्ली तर माझ्या खुंटीला. मंग आपलं कुलूप उघडलं कुनी? खालच्यांनी आपल्या किल्लीची डुप्लिकेट करून घेतली हाय.”

“आणि खालचे काय म्हणतात?”

“उलटं बोंबलत्यात. म्हनं तुमीच दार सोडलं आन आमचा कांदा वाहून घालवला.” त्यांनी मोबाईल काढून दाखवला. दोन्ही गावांच्या गटावर संदेशांचा खच पडला होता, बहुतेक दूरच्या कारखान्यांवरून आलेले. दिवसभर कोयता चालवून थकलेली पोरं पाचटाच्या कोपीत पडून एकमेकांना आव्हानं देत होती. “गावात भांडायला मानूस न्हाई, म्हनून मोबाईलवर भांडत्यात. पर पाडव्याला सगळी परत येनार. तवा काय व्हईल?”

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, नवं दार बसायचं होतं. दोन्ही गावं बांधावर जमणार होती. खडकवाडीतल्या काहींनी ठरवलं होतं की नव्या दाराला एकच कुलूप लावायचं, आपलं. बोरखेड्यातून उत्तर आलं होतं की तसं झालं, तर दार कापून टाकू.

“उद्या भर सभेत त्यांच्याकडनं डुप्लिकेट काढून घेतो,” भाऊजी म्हणाले. “चोर तो चोर.”

पर्स माझ्या मांडीवर होती. मी विचारलं, “आणि भाऊजी, त्यांची किल्ली आपल्याकडे असली तर?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मला समजायचंच बंद झालंय. “आपल्याकडं? वहिनी, आपल्याकडं गुरुजी हुते.”

मी उठून आगटीच्या धुराकडे तोंड केलं. डोळ्यांना पाणी यायला कारण तरी हवं होतं.

बोरखेडे

त्या रात्रीचा मुक्काम आम्हाला बोरखेड्यात, गयाबाईंकडे करायचा होता. आप्पा गेल्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून बोरखेड्याची किल्ली त्यांच्या विधवेकडे, गयाबाईंकडे आहे. गावानं तेव्हा कुरकुर केली होती, बाईमाणसाकडे किल्ली कशी म्हणून. गयाबाईंनी विचारलं होतं, “मंग म्हशीकडं देऊ का?” आणि विषय संपला होता.

त्यांचं घर ओढ्यापासून दोन शेतं दूर. ओढ्याकाठचं त्यांचं शेत रिकामं होतं, गाळाखाली गेलेलं. चहा आला. गयाबाईंनी कप बशीत सांडेपर्यंत भरला. फिरूझनं संकोचून आयनुराकडे पाहिलं. तिनं मला सांगितलं, “आमच्या दोन्ही देशांत पाहुण्याला अर्धाच कप देतात. म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो, पाहुणा बसून राहतो. भरलेला कप म्हणजे, पिऊन निघा.”

हे मी गयाबाईंना सांगितलं.

“अर्धा कप?” त्या म्हणाल्या. “म्या काय चिंगूस हाय व्हय? त्याला म्हनावं, भरल्याला पी आन बसूनबी ऱ्हा. दोनी जमतं आमच्यात.”

फिरूझनं तो कप आणि त्यानंतरचे दोन तसेच भरलेले कप संपवले. वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी, आणि वर कांदा नव्हता. नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या ताटात कांदा नाही, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. माझी नजर त्यांनी ओळखली.

“गेला समदा,” त्या म्हणाल्या. “जाऊ द्या. मास्तरीणबाई, मास्तरांचं सामान आवरलं का हो?”

“आवरतेय अजून.”

“सावकास आवरा,” त्या म्हणाल्या, आणि भाकरी उलटायला चुलीकडे वळल्या.

मला त्यांना किल्ली दाखवायची होती. तोंडापर्यंत शब्द आले. पण त्यांनी आयुष्यभर ज्या माणसावर विश्वास ठेवला, तो माणूस त्यांच्याच घरात बसून मी कसा मोडू? मी हात धुतले आणि अंथरुणावर पडले. झोप लागेपर्यंत एकच हिशेब घोळत होता. गप्प राहिले, तर उद्या या बाईला चोर म्हणतील. बोलले, तर गुरुजींना.

बांधावर

शनिवारी ऊन चांगलं तापल्यावर माणसं जमली. वरची बांधाच्या वरच्या टोकाला, खालची खालच्या. म्हातारी माणसं, बाया, काही नोकरीवाले. तिघा-चौघांनी मोबाईल हातभर उंच धरले होते. त्यात कारखान्यांवरची तोंडं दिसत होती, काही उसाच्या फडातच उभी. आयनुरानं कानात विचारलं, “ते सैनिक आहेत का?” मी म्हटलं, ऊसतोड कामगार आहेत. ती म्हणाली, आमच्याकडेही भांडणं असंच फोनवरून बघतात.

नवं दार ट्रॅक्टरवर होतं. जुनी पेटी उघडी पडलेली, तिच्यावर ती दोन कुलपं, गंजलेली. भाऊजी पुढे झाले.

“गयाबाई, सगळ्यांम्होरं सांगा. त्या दिशी दार कुनी उघडलं?”

गयाबाई बांधावरच्या दगडावर बसल्या होत्या. त्यांनी पदर नीट केला.

“आमचं कुलूप किल्लीनं उघडलंय. किल्ली माझ्याकडं. मंग दुसरी कुनाकडं? तुमच्याकडं आसंल तर टाका इथं.”

खालच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, “तोंड सांभाळून बोल भानुदास! तुमीच सोडलं आन आमच्या म्हातारीवर घालताय!”

मोबाईलमधूनही आवाज सुरू झाले. त्या गोंगाटात गयाबाई गप्प बसलेल्या होत्या, आणि मला आदल्या दिवशीचं ते रिकामं शेत आठवलं. कांद्याविषयी गावात सगळे बोलत होते; सगळ्यात मोठा तुकडा गेलेली बाई तेवढी बोलत नव्हती. मला पूर्ण उलगडलं नव्हतं. इतकंच कळलं की या बाईला एकटीला उभं करून चालणार नाही. गुरुजी असते, तर त्यांनी तसं केलं नसतं, एवढं मला पक्कं माहीत होतं. बाकी काहीही माहीत नसलं तरी.

मी पर्स उघडली, किल्ली काढली आणि पेटीवर ठेवली.

“ही बोरखेड्याच्या कुलपाची किल्ली,” मी म्हटलं. माझा आवाज फार लहान आहे. ग्रंथालयात तसाच बरा असतो. पण बांधावर सगळे गप्प झाले होते. “गुरुजींच्या कंपासपेटीत सापडली. चिंधीवर अक्षर त्यांचं आहे. चोर म्हणायचं असेल, तर सुरुवात आमच्या घरापासून करा.”

भाऊजींनी किल्ली उचलली, चिंधी वाचली. त्यांचा चेहरा मला बघवेना. आयनुरानं माझ्या कोपराला धरलं. तिला भाषा कळत नव्हती, पण काहीतरी कळलं होतं.

तेव्हा गयाबाई उठल्या. कंबरेची चंची सोडली. तंबाखू, चुना, सुपारीच्या खालून त्यांनी दोन किल्ल्या काढल्या. एक साधी. दुसरीला चिंधी बांधलेली, निळ्या रेघांची. माझ्याच चिंधीचा दुसरा तुकडा. गुरुजींचा एक हातरुमाल होता तसा, लग्नातला. मी तो वर्षभर शोधला होता. चिंधीवर त्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘खडकवाडी’.

“मास्तरांनीच दिली,” गयाबाई म्हणाल्या. “आन आमच्या मालकांनी आमची त्यास्नी दिली. कुलपं लावली त्याच्या दुसऱ्या साली असाच पूर आल्ता. मालक हिकडं आडकले, मास्तर तिकडं, आन एकट्याला काय दार उघडंना. बांध जायाचा ऱ्हायला. मंग दोघांनी ठरवलं, दोनी किल्ल्या दोनी घरात ठिवायच्या. कुनाला सांगायचं न्हाई.”

“का न्हाई सांगायचं?” भाऊजींनी विचारलं.

“लोकांस्नी कुलूप लागतं, भानुदास. त्या दोघांस्नी लागत न्हवतं.”

खालच्या टोकाकडून कुणीतरी विचारलं, “आन दुष्काळात? आमची गुरं छावनीत हुती तवा?”

“तवाबी किल्ली माझ्याच घरात हुती,” गयाबाई म्हणाल्या. “तळ्यात पानी दिसत हुतं, माझी म्हैस दावनीला हंबरत हुती. न्हाई उघडलं. पाळी न्हवती आमची. आन आमची पाळी आसताना मास्तरांनी एक दिस आधी दार लावलं न्हाई. त्यांच्याकडंबी हुत्याच की दोनी.”

मग त्यांनी त्या दुपारचं सांगितलं. जादा पाणी जायचा सांडवा काट्यांनी बुजला, पाणी बांधावरून उडू लागलं. भाऊजींना फोन लागेना. सुनेला घेऊन त्या बांधावर गेल्या, दोघींनी मिळून चाक फिरवलं. दार उघडलं की ओढा कुठून जाणार, हे त्यांना माहीत होतं. पहिलं शेत त्यांचंच होतं.

“बांध फुटला आस्ता तर दोनी गावं गेली आस्ती. कांदा गेला. आता गावाला कोनत्या तोंडानं सांगू, का तुमचा कांदा म्या घालवला?”

खालच्या टोकाचा एक माणूस म्हणाला, “गयाकाकू, आदी सांगायचं नव्हं का. आमी काय खाल्लं आस्तं तुला?”

“खाल्लंच आस्तं,” त्या म्हणाल्या. “कांद्याबिगर.”

पहिल्यांदा कोण हसलं, माहीत नाही. दोन्ही टोकांकडून हसू आलं एवढं खरं. भाऊजींनी दोन्ही चिंध्या एकमेकींशेजारी धरून पाहिल्या. मग शेजाऱ्याच्या हातातला मोबाईल स्वतःकडे वळवून म्हणाले, “बघितलं का रे? आता लिवा, काय लिवायचं ते.”



दुपारपर्यंत नवं दार बसलं. पुन्हा दोन कुलपं, पण या वेळी दोन्ही गावांनी सगळ्यांसमक्ष दोन्ही किल्ल्या घेतल्या. जुन्या ठरावात पाणी सोडायचे महिने लिहिलेले होते. भाऊजींनी ते खोडले आणि गयाबाईंच्या सांगण्यावरून पाण्याची खूण लिहिली : पाणी या दगडापर्यंत असेल तर खालच्यांची पाळी, महिना कोणताही असो. पूर आला तर जो आधी पोचेल त्यानं उघडायचं आणि मग विचारायचं. हे मी इंग्रजीत सांगताना आयनुरा भराभर लिहून घेत होती. तिचं राजूरचं बोलणं मी गयाबाईंना सांगितलं होतं का, असं तिनं विचारलं. मी सांगितलं नव्हतं.

फिरूझ त्या दोन चिंध्यांकडे बघत होता. मग तो आयनुराशी रशियनमध्ये काहीतरी बोलला आणि ती मोठ्यानं हसली.

“काय म्हणतो?” मी विचारलं.

“म्हणतो की, मी काही माझी किल्ली तुला देणार नाही. मी म्हटलं, मीही नाही देणार. पण इथं जे पाहिलं, ते आम्ही दोघं एकत्र जाऊन सांगू. आधी त्याच्या गावात, मग माझ्या.”

परतताना तो जीपमध्ये मधल्या सीटवर बसला. चपटे पेढे आम्ही बांधावरच वाटून टाकले होते. गयाबाईंनी दोन घेतले आणि म्हणाल्या, “ह्येंच्यावर कोन बसलं हुतं?” आयनुरानं हात वर केला.

निघताना मी बोरखेड्याची ती जुनी किल्ली गयाबाईंच्या हातात ठेवली. आदल्या रात्रीच मला ते करायचं होतं. त्यांनी ती परत माझ्या मुठीत दाबली.

“ते कुलूप गेलं आता. किल्ली तुमची. मास्तर सांगून न्हाई गेले, म्हनून रागावू नका. माझ्यापाशीबी मालकांनी आखरीला सांगितलं.”

मी रागावले नव्हते. घरी आल्यावर थोडी रागावले. एवढी वर्षं माझ्या घरात एवढी मोठी गोष्ट एका कंपासपेटीत होती, आणि मी जगभराची पुस्तकं नीट लावत बसले होते. पण राग फार टिकला नाही. माझ्या दोन गावांइतकं नेकीचं काही मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, आणि ते सांगायला मला आता संकोच वाटत नाही.

किल्ली माझ्या लिहायच्या टेबलावर आहे. गेल्या आठवड्यात लेखाचं भाषांतर पुन्हा काढलं आणि ते एक वाक्य बदलून आयनुराला पाठवलं. तिचं उत्तर लगेच आलं. ती आणि फिरूझ मिळून तो लेख दोन्ही भाषांत करत आहेत. तिनं विचारलं होतं, ‘दोन्ही गावांकडे दोन्ही किल्ल्या होत्या,’ असं इथे आहे. वाचणाऱ्याला ती घाईतली चूक तर वाटणार नाही ना?

मी कळवलं, चूक नाही. आहे तसंच लिहा.